रॅम पुसणारे काका

सोसायटीचा चेअरमन निवडून येतो, थकबाकीदाराचं नाव नोटीस बोर्डावर लागतं. कॉम्प्युटरवाल्या काकांना मात्र कुणीच नेमलेलं नसतं. कधीतरी कुणाचा तरी डेस्कटॉप सुरू होत नाही, "दुसऱ्या मजल्यावरचे बघतात ना ते!" असं कुणीतरी म्हणतं आणि ते पद तहहयात त्यांच्याकडे जातं.

काका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. बँकेत संगणक येऊ घातला तेव्हा युनियनच्या मोर्चात 'नोकऱ्या जाणार' म्हणून घोषणा देणारे, आणि तो आल्यावर त्याच्यासमोर सर्वांत आधी खुर्ची ओढणारेही हेच. हत्यारं दोनच: स्टार स्क्रूड्रायव्हर आणि नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर.

"कालपर्यंत चालू होता ना? मग काय केलंत?"

"काही नाही हो."

हे उत्तर ते ऐकून घेतात, खरं धरत नाहीत. आधी भिंतीवरचं बटण, मग एक्स्टेन्शन बोर्ड, मग यूपीएस, शेवटी कॅबिनेटच्या मागचा, रेघ आणि शून्य कोरलेला छोटा स्विच. बाहेरून आत जायचा हा क्रम बिनचूक आहे, आणि अर्धी दुखणी इथेच सापडतात; कोपरा झाडताना केरसुणीने तो मागचा स्विच शून्यावर गेलेला असतो. पण इथेच निकाल लागला तर काकांचा चेहरा पडतो. चहा अजून उकळलेलाही नसतो. मग ते "तरी एकदा आतून बघून घेऊ" म्हणत स्क्रू फिरवायला लागतातच.

पंखा फिरतोय आणि पडदा काळा, अशी केस मिळाली की काका खुलतात. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करायला लावतात. बीप ऐकायचे असतात! जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार. लांब बीप थांबेचनात, तर रॅमची. हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटांत तो चिमुकला स्पीकर नसतोच. तरी काका "ऐकलंत?" असं विचारतात आणि घरातले सगळे माना डोलावतात.

मग मुख्य विधी. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हळुवार घासायच्या, कण झटकायचे आणि 'टक' आवाज होईपर्यंत पट्टी परत दाबायची. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत हा उपाय पुष्कळदा लागूही पडतो. खरं तर पट्टी काढून नीट बसवण्यानेच निम्मं काम झालेलं असतं, पण श्रेय खोडरबराला जातं.

विंडोजचं चिन्हही न दिसलेल्या यंत्राकडे बघून एखादा भाचा "फॉरमॅट मारा" म्हणतो, तेव्हा काका संतापतात. त्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे. वीजच पोचत नसेल तर फॉरमॅट मारून काय होणार? गेलेच तर मुंजीचे फोटो जातील.

मदरबोर्डावरच्या सीआर२०३२ या तीन व्होल्टच्या सेलवर त्यांचा विशेष राग. तो संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि ब्राउझर साध्यासुध्या संकेतस्थळांवरही संशय घेऊ लागतो. एवढं खरं, पण काका प्रत्येक आजारात सेल बदलायला सांगतात.

सगळंच हरलं की हिरव्या वायरीचा प्रयोग. एसएमपीएसचा २४ पिनांचा प्लग मदरबोर्डावरून काढायचा, यू-पिन वाकवून त्यातली हिरवी वायर काळीला जोडायची. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये निदान धुगधुगी आहे. आजी लांबूनच हात जोडतात. त्यानंतरही यंत्र उठलं नाही, तर "मदरबोर्ड गेला" एवढं बोलून काका मुंबईत लॅमिंग्टन रोडचा, पुण्यात तपकीर गल्लीचा रस्ता दाखवतात. "माझं नाव सांगा," असंही म्हणतात. दुकानदाराला ते नाव ठाऊक नसतं.

जाताना कॅबिनेटचं झाकण उघडंच राहतं, "हवा लागू दे" म्हणून. त्या हवेबरोबर पालही आत जाते आणि काकांची पुढची फेरी नक्की होते.

दुकानातला माणूस तपासणीचे पैसे आधी मागतो. काका चहावर येतात आणि क्रमही सहसा चुकवत नाहीत. तेव्हा त्यांना जरूर बोलवा. फक्त एसएमपीएसचा डबा खोलायला निघाले, तर हात धरून थांबवा. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढी वीज शिल्लक असू शकते.