अख्ख्या वाड्याची वाटणी

आमच्या अन्नपूर्णा रोडवर संत-महाराजांचं कुणाला अप्रूप नाही. १९५९ साली उभं राहिलेलं अन्नपूर्णेचं मंदिर, हत्तींनी तोललेलं त्याचं दाक्षिणात्य थाटाचं महाद्वार, आणि तिथून दशहरा मैदानापर्यंत या ना त्या महाराजांच्या कथेचे फ्लेक्स. पण डोक्यावर प्रभावळ म्हणून संगणकाची जुनी तबकडी लावणारे संत मी पाहिले नव्हते. ते दाखवले वरच्या मजल्यावरच्या धाकट्याने. "काका, हे सेंट इग्न्यूशस," म्हणत त्याने मोबाइल पुढे धरला. अंगात झगा, भरघोस दाढी आणि डोक्याभोवती ती भलीमोठी चकती.

हे म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. संगणकाची एक संपूर्ण प्रणाली लिहायची, तिचं नाव ग्नू ठेवायचं आणि ज्याला हवी त्याला ती आतल्या सगळ्या कलपुर्ज्यांसकट देऊन टाकायची, असं या अमेरिकन गृहस्थांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केलं. व्याख्यानाच्या शेवटी ते कधीकधी हा झगा चढवतात आणि स्वतःची नि अनुयायांची टिंगल करतात. त्यांच्या थट्टेतल्या पंथाचं दैवत म्हणजे ईमॅक्स, हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम. १९७६ साली तो घडवण्यात त्यांचाच मोठा हात होता. त्याच सुमारास बिल जॉय याने 'व्हीआय' नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहिला आणि तिथून जे भांडण लागलं ते आजतागायत चालू आहे. रोमन आकड्यांत व्हीआय म्हणजे सहा. तो तीनदा लिहिला की सहाशे सहासष्ट, बायबलातल्या सैतानी श्वापदाचा आकडा! मग व्हीआय वापरणं पाप का? स्टॉलमन गंभीर चेहऱ्याने सांगतात, पाप नाही, प्रायश्चित्त आहे.

विनोद म्हणून झकास आहे. पंचाईत एवढीच, की ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तो विनोद वाटत नाही.

वरच्या मजल्यावर दोघे भाऊ आहेत. दोघेही लिनक्सवाले, म्हणजे बाहेरच्या जगाच्या दृष्टीने एकाच धर्माचे. पण लिनक्स हा गाभा झाला. तो घेऊन त्याभोवती पूर्ण संसार मांडून देणारी मंडळं अनेक आहेत. थोरला डेबियनचा. इयन मर्डॉक याने १९९३ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या नावात आधी त्याच्या प्रेयसीचं डेब्रा हे नाव येतं, मग त्याचं स्वतःचं. नावांच्या क्रमात इतकं शहाणपण या क्षेत्रात पुन्हा कुणी दाखवल्याचं दिसत नाही. डेबियन म्हणजे जुनं, पारखलेलं, सावकाश. धाकटा आर्चचा. तिथे आज लिहिलेलं उद्या तुमच्या यंत्रावर, आणि मोडलं तर तुम्हीच निस्तरायचं. आर्चवाला ओळखावा कसा, असा एक जुना विनोद आहे. ओळखायची गरज नसते, तोच सांगतो. आमच्या धाकट्याने मला जिन्यात, गच्चीवर आणि एकदा दूधवाल्यासमोर सांगितलेलं आहे.

त्यांची आई मात्र बुचकळ्यात पडते. "दोन्हीकडे तोच पडदा, तीच गाणी लागतात. मग भांडता कशापायी रे?" यावर दोघेही एकदम बोलू लागतात, आणि त्या क्षणापुरते एकाच बाजूचे होतात. आणखी एक मौज म्हणजे स्वातंत्र्याचं हे सगळं युद्ध चालतं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याच्या आत काय आहे ते बघायची दोघांनाही मुभा नाही.

मीही बरेच दिवस हसण्यावारी नेत होतो. मग पुतणीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. इंदुरात मराठी पत्रिका छापणं ही एक साधना आहे. छापखाना हिंदीचा, टंक हिंदीचा, त्यामुळे 'ल' नि 'श' येतात ते हिंदी वळणाचे. तेवढं मी सोसतो. पण कच्च्या छपाईत 'सगेसोयऱ्यांसह' याचं 'सगेसोयर्यांसह' झालेलं पाहिलं आणि माझा तोल गेला. 'ऱ्य'मधला तो अर्धा र, डोक्यावर रफार होऊन नव्हे तर आडवा पडून पुढच्या अक्षराला टेकणारा, आमचा मराठी र, त्यांच्या टंकात नव्हताच. छापखान्यातला मुलगा शांतपणे म्हणाला, "भिया, ये अक्षर फॉन्ट में है नी." बनवून घ्या म्हटलं. तर टंक बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि टंकाच्या आत हात घालायची सोय नाही. शेवटी त्याने अगदी मनापासून उपाय सुचवला: "पेन से बना दूँ?"

हे वरच्या थोरल्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "काका, स्टॉलमनचं हेच झालं होतं." एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने एक प्रिंटर भेट दिला होता. त्यात कागद अडकायचा. तो अडकला की रांगेतल्या लोकांना निरोप जावा, एवढी सुधारणा स्टॉलमनना करायची होती. आधीच्या प्रिंटरवर त्यांनी ती केलीही होती. पण या नव्याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिलाच नव्हता. तो ज्याच्याजवळ होता अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे ते गेले, तर त्याने कुणाला न देण्याच्या करारावर सही केलेली. त्या नकाराचा डंख ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. एका अडकलेल्या कागदापायी माणूस एवढा पेटतो, हे मला आधी अतिशयोक्त वाटलं असतं. पण माझ्या हातात ती पत्रिका होती. वस्तू आपली, चूक डोळ्यांना दिसते आहे, दुरुस्ती जमणारी माणसं आहेत, आणि तरीही झाकण उघडायला मनाई. असा राग यायला संगणकातलं काही कळावं लागत नाही.

आणि उलट बाजूही त्यानेच दाखवली. रेड हॅट कंपनीने खुले केलेले 'लोहित' टंक, मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्ता'. ज्यांचं झाकण उघडतं असे देवनागरी टंक आता पुष्कळ आहेत. त्यांत मराठीला हवं ते अक्षर नसेल तर जाणकाराने घालावं, परत सगळ्यांना द्यावं. पत्रिका मग त्यानेच रात्री बसून जुळवून दिली. 'सोयऱ्यां'चा र अगदी ऐटीत आडवा पडला होता.

एवढं झाल्यावर मी त्यांची भांडणं जरा कान देऊन ऐकू लागलो, आणि ती मला ओळखीची वाटली. मराठी माणसाला भाऊबंदकी शिकवावी लागत नाही. त्यातून आम्ही इंदूरचे. १८०१च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं, ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी होळकरांचं इंदूर लुटलं. पुढच्या वर्षी लढाई पुण्याच्या वेशीशी गेली, आणि १८०२ सरता सरता बाजीरावाने वसईला जाऊन इंग्रजांशी तह केला. राज्याचं राहू द्या, घरचंच घ्या. वाड्याची वाटणी झाली की विहिरीच्या मधून भिंत येते, देवघर एकाकडे जातं नि देव दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही अर्धाच वाडा मिळतो. तोही पडका.

या मंडळींच्या वाटणीत मात्र एक चमत्कार आहे. पटलं नाही की अख्ख्या वाड्याची नक्कल करून घ्यायची आणि वेगळी चूल मांडायची. थोरल्याकडे पूर्ण वाडा, धाकट्याकडेही पूर्ण वाडा. विहीर दोघांकडे, देवही दोघांकडे. याला त्यांच्यात 'फोर्क' म्हणतात आणि तो हक्क परवान्यातच लिहिलेला असतो. ओरॅकल कंपनीच्या हाताखाली ओपनऑफिस या कचेरीकामाच्या प्रोग्रॅमचं काय होईल याचा भरवसा वाटेना, तेव्हा २०१० साली बरेच कामकरी उठले नि लिब्रेऑफिस नावाने वेगळे झाले. डेबियनमध्ये 'सिस्टमडी' या एका भागावरून २०१४ साली इतकी जुंपली की मतदान घ्यावं लागलं, आणि हरलेल्यांतल्या काहींनी 'देवुआन' नावाचा निराळा डेबियन काढला. कोर्टकचेरी नाही, मोजणीदार नाही. कुणी जिंकायची गरजच उरत नाही, म्हणून मग तोंडाने किती का भांडेनात!

खरं तर त्यांच्या भांडणांतून निघालेला माल पाहिला की थक्क व्हायला होतं. केडीई या देखण्या पडद्याच्या पोटात एक भाग पुरेसा मुक्त नव्हता, तर १९९७ साली त्या रागात 'ग्नोम' जन्माला आलं. लिनक्सच्या कामासाठी वापरत असलेलं एक खासगी साधन २००५ मध्ये वादावादीत बंद झालं, तर लिनक्सच्या मूळ कर्त्याने, लिनस टॉरवल्ड्सने, काही दिवसांत 'गिट' लिहायला घेतलं. आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर त्यावर पोट भरतात. या टॉरवल्ड्सचं पहिलं गाजलेलं भांडण तर गुरूशीच झालं. ज्यांच्या पुस्तकावरून तो शिकला त्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जानेवारी १९९२ मध्ये लिनक्सला चारचौघांत कालबाह्य ठरवलं, आणि तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, असल्या रचनेला चांगले मार्क मिळाले नसते, असंही सुनावलं. पोरगं बाविशीचं, त्यानेही तोंड सोडलं आणि दुसऱ्या दिवशी नरमाईने माफी मागितली. लिनक्सने पुढे जग व्यापलं. पण हरलेल्या टॅनेनबॉम यांची 'मिनिक्स' ही प्रणालीही इंटेलच्या असंख्य चिपांच्या आत गुपचूप नांदते आहे, हे २०१७ साली उजेडात आलं. खुद्द त्यांनाही ते बाहेरून कळलं. वाद कोण जिंकलं हे तेव्हा ठरवून बसलेल्यांची मला दया येते.

तरी वाड्याच्या या चमत्काराला एक भोक आहे, आणि ते धर्मवीरांच्या लक्षात क्वचितच येतं. नक्कल वाड्याची होते, माणसांची होत नाही. झाडलोट करणारे, गळकं छप्पर शिवणारे, रात्री उठून दाराची कडी बघणारे हात तेवढेच राहतात. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाची फट सापडली तेव्हा जगाला कळलं, की अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर आहेत, तिथे पूर्णवेळ राबणारा जेमतेम एक माणूस होता. त्या काळात प्रोग्रॅमची ओळ आत सरकवायला टॅब द्यावा की स्पेस द्यावी यावर किती शाई सांडली असेल! नवख्याने साधा प्रश्न विचारला की आधी त्याचं उच्चारण सुधारणारे ("लिनक्स नाही, ग्नू-लिनक्स म्हणा", हा तर स्टॉलमन यांचाच आग्रह, आणि ग्नू आधी यायला हवं), मग 'पुस्तिका वाच' म्हणून वाटेला लावणारे पुष्कळ. झाडू घेणारे मोजके. मी माझ्यापुरतं ठरवलंय, ज्याने रात्री बसून 'ऱ्य' जुळवून दिला त्याचं कितीही कडवं मत ऐकून घ्यायचं. बाकीच्यांना चहा द्यायचा नि विषय बदलायचा.

व्हीआयचा वारसा चालवणारा 'व्हिम' लिहिणारे ब्राम मोलेनार हे मला यांतले सगळ्यांत आवडते. १९९१ पासून २०२३ मध्ये वारले तोवर हा डच माणूस त्या प्रोग्रॅमची निगा राखत होता. पंथाची ती सगळी धुमश्चक्री त्यांच्या अंगणात चालली होती. आणि त्यांनी प्रोग्रॅम उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पानावर काय लिहून ठेवलं? युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. ईमॅक्सला एक टोमणासुद्धा नाही.

आता माझा जुना लॅपटॉप. तो फार हळू चालतो असं मी बोलून गेलो आणि दोघे भाऊ एकाच संध्याकाळी खाली उतरले. बराच वेळ खल झाला. शेवटी तोडगा निघाला तो वाटणीचाच: डिस्कच्या एका भागात डेबियन, दुसऱ्यात आर्च. विंडोजही एका कोपऱ्यात ठेवलं, कारण पेन्शनच्या एका कामाला ते लागतं; ते यादीत सगळ्यांत खाली असावं यावर दोघांचं चटकन एकमत झालं. यंत्र सुरू झालं की तीन नावं येतात. काही सेकंदांत काही दाबलं नाही, तर वरचं नाव आपोआप उघडतं. म्हणजे वर कुणाचं नाव, हा प्रश्न उरलाच.

थोरला म्हणाला, मी मोठा आहे. धाकटा म्हणाला, अकारविल्हे लावा. देवनागरीत लावा नाहीतर इंग्रजीत, आर्चच आधी येतं, म्हणून तो फारच खूश होता. त्यांच्या आईने जिन्यातून विचारलं, काकांना काय हवंय ते विचारलंत का? त्यांनी विचारलं नव्हतं. पुढेही विचारलं नाही.

सध्या थोरला येतो तेव्हा क्रम बदलून जातो आणि धाकटा आला की पुन्हा फिरवतो. मी सकाळी बटण दाबून पोह्याला फोडणी घालायला जातो. परत आल्यावर आज कुणाच्या वाड्यात उतरलोय, हे पडद्यावरच्या चित्रावरून कळतं.