उरेल ते गडाला

पन्हाळगड ते विशाळगड अशी पायी मोहीम काढायची, १६६० सालचा तो प्रसंग जसाच्या तसा उभा करायचा आणि त्यातून गडसंवर्धनासाठी निधी जमवायचा, असा ठराव आमच्या समितीत एकमताने मंजूर झाला. हे एकमत ठरावाच्या पूर्णविरामापर्यंत टिकलं.

१६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसं घेऊन पन्हाळा जिंकला. आमच्याकडे तेवढे उपाध्यक्षच आहेत. शिवाय अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, निमंत्रक, प्रमुख निमंत्रक आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते मार्गदर्शक. समितीत इतिहास वाचलेला माणूस एकच, आमचे निवृत्त मास्तर. त्यांना पद नाही. 'तुमच्यासारख्यांना पदाची काय गरज?' असं सांगून त्यांचं समाधान केलेलं आहे.

पहिला वाद तारखेचा. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला होता आणि जुलैच्या बारा-तेराच्या रात्री, आषाढात, भर पावसात महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गड उतरले. तिथीवाले म्हणाले, तिथीनेच. तारीखवाले म्हणाले, तारखेनेच. या वादावर महाराष्ट्राने किती वर्षं काढली आहेत हे वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे तो दहा मिनिटांत मिटला, कारण तिसरा गट रविवारवाल्यांचा होता आणि तो संख्येने मोठा निघाला. रविवार ठरल्यावर वेळ. मास्तर म्हणाले, 'रात्री निघायला हवं.' प्रसिद्धिप्रमुख म्हणाले, 'रात्री फोटो येत नाहीत.' प्रस्थान सकाळी साडेनऊला ठरलं, पाहुणे आल्यावर. आणि त्या दिवशी पाऊस जास्त असला तर मोहीम जवळच्या मंगल कार्यालयात होईल, अशी तळटीप निमंत्रण पत्रिकेवर घालायचीही ठरली. पावसाचा फायदा घेऊन शत्रूच्या हातावर तुरी देणाऱ्या मोहिमेची आठवण आपण पावसापासून आडोसा शोधून जागवणार आहोत.

आषाढाचा एक फायदा मात्र सर्वांना एकाच वेळी सुचला. हा आखाड आहे. पुढे श्रावण. त्यामुळे मावळ्यांच्या शिदोरीत काय असेल यावर जी अभ्यासपूर्ण चर्चा झाली, तेवढी इतिहासाच्या इतर कुठल्याही अंगावर झाली नाही. मास्तरांनी भाकरी-चटणीचा उल्लेख केला, तो इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं. तांबडा आणि पांढरा दोन्ही असावेत, जेवण पावनखिंडीच्या अलीकडे असावं, कारण खिंडीनंतर वातावरण गंभीर होतं, हे भोजनप्रमुखांचं म्हणणं टाळ्यांच्या कडकडाटात मान्य झालं.

मग भूमिका. महाराजांच्या भूमिकेसाठी पुढे आलेल्यांची संख्या बघून अध्यक्षांनी निम्मी बैठक खर्ची घातली. एकाची दाढी तयार होती, एकाचा घोडा तयार होता, एकाची निवडणूक जवळ आली होती. शेवटी, महाराजांचं काम माणसाने करणं योग्य नाही, पालखीत मूर्ती ठेवू, असा आदरपूर्वक तोडगा निघाला. आदर लगेच पालखीच्या पुढच्या दांडीवर जाऊन बसला. ती दांडी कोणाच्या खांद्यावर? मागची दांडी कोणालाच नको होती, तिथे कॅमेरा नसतो. हिशोब करून पुढच्या दांडीचे टप्पे पाडले: पन्हाळा ते मसाई पठार एक गट, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, प्रत्येक वाडीला खांदेपालट. मागच्या दांडीसाठी मजुरीने माणसं बघायची आहेत.

बाजीप्रभूंच्या भूमिकेसाठीही झुंबड होती. घोडखिंडीत तीनशे बांदलांना घेऊन उभं राहायचं, दोन्ही हातांत पट्टे. ज्यांची निवड झाली त्यांनी एकच अट घातली: चारला मोकळं करा, इचलकरंजीत साखरपुडा आहे. महाराज विशाळगडावर पोचल्याचा तोफेचा इशारा झाल्याशिवाय बाजींनी खिंड सोडली नव्हती, असं मास्तर म्हणाले. त्यावर इशारा पावणेचारला करायचा ठरला, पालखी तेव्हा कुठेही असो. बाजींचे बंधू फुलाजीप्रभू हेही तिथेच पडले, दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत, ही माहिती समितीतल्या बऱ्याच जणांना नवीन होती. फुलाजींसाठी वेगळा फ्लेक्स लागेल का, एवढीच शंका त्यावर आली.

आणि शिवा काशीद? महाराजांसारखा दिसणारा, महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसून गेला, शत्रूने धरला, आणि सोंग उघडं पडल्यावर मारला गेला. या भूमिकेसाठी एकही हात वर झाला नाही. कारणं मात्र आली. सुरुवातीलाच संपतं. फेटा सिद्दीच्या छावणीत राहतो. घरच्यांना आवडणार नाही. 'दुसऱ्याच्या नावावर आपण का अडकायचं?' असं एक उपाध्यक्ष म्हणाले, आणि त्या वाक्यात आपण काय बोललो हे त्यांना अजून कळलेलं नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

सिद्दीच्या फौजेसाठीही कोणी मिळेना. वेढा घालायला हजारो माणसं लागतात, आणि या बाजूने लढल्याचा फोटो आयुष्यभर कोण वागवणार? ही अडचण मात्र स्थानिक परिस्थितीने आपोआप सोडवली आहे. पावसाळी रविवारी वाघबीळपासून वर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातून चिटपाखरूही आत-बाहेर जाऊ शकत नाही. गडावर कणसं, भजी, गाणी, हॉर्न. सिद्दी जौहरला चार-साडेचार महिने लागले, आपण हे दर शनिवार-रविवारी करतो. तेव्हा वेढ्याचा खर्च अंदाजपत्रकातून वगळला.

प्रायोजकांच्या बाबतीत मास्तरांनी पुन्हा घोळ घातला. एका मोठ्या कंपनीने मोहिमेला पैसे द्यायची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की पन्हाळ्याच्या तटावर कंपनीचा झेंडा दिसला पाहिजे. मास्तर उठून म्हणाले, 'याला आधार आहे.' सगळे खूश. 'त्या वेढ्यात इंग्रजांच्या कंपनीचा राजापूरचा हेन्री रेव्हिंग्टन सिद्दीच्या मदतीला तोफा आणि गोळे घेऊन आला होता, आणि त्याने स्वतःचा झेंडा लावून गडावर मारा केला.' सगळे गप्प. 'आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून रेव्हिंग्टनला कैदेत घातलं.' खजिनदारांनी विचारलं, ते पैसे देऊन झाल्यावर की आधी? मारा केल्यानंतर, असं कळल्यावर प्रायोजकांशी बोलणी चालू ठेवावीत असं ठरलं.

आता वाटेविषयी. आजच्या पायवाटांनी हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरतं. दर जुलैमध्ये हजारो पोरं-पोरी ते दोन दिवसांत चालतात: जळवा, गुडघाभर चिखल, मसाईच्या पठारावर हाताच्या अंतरावरचं न दाखवणारं धुकं. वाड्यांमधली माणसं त्यांना पडवीत झोपायला जागा देतात, गरम भात वाढतात. आमच्या समितीने हा मार्ग तपासून पाहिला, म्हणजे मोबाइलवर, आणि पदाधिकाऱ्यांनी मलकापूरमार्गे गाडीने जाऊन पांढरेपाण्याला मोहिमेत सामील व्हावं असा निर्णय घेतला. तिथून खिंड जवळ आहे. अंगाला चिखल लागलेला असावा म्हणून तिथेच सोय करण्यात येईल. पाहुणे परस्पर विशाळगडाच्या पायथ्याला येतील. सहाशे मावळ्यांपैकी प्रत्यक्ष पन्हाळ्यावरून चालत येणारे म्हणजे ज्यांना समितीत कोणी विचारत नाही ते.

अंदाजपत्रक मी जवळून पाहिलं. मंडप, ध्वनिक्षेपक, एलईडी पडदा, ढोल-ताशा, घोडे, घोड्यांचे मालक, फेटे, फेटे बांधणारे, सन्मानचिन्हं, शाली, श्रीफळं, ड्रोन, ड्रोनच्या परवानगीसाठी धावपळ, धावपळीसाठी पेट्रोल. आखाडाचं जेवण वेगळ्या पानावर आहे. सगळ्यांत शेवटी, खजिनदारांच्या सुंदर अक्षरात, 'गडसंवर्धन' असं लिहून समोरच्या रकान्यात आकडा न घालता दोनच शब्द लिहिले आहेत: उरेल ते.

धर्मादाय आयुक्तांकडे निधी गोळा करण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायला हवा, असं कोणीतरी सुचवलं. अर्जात हेतू लिहावा लागतो, हे ऐकल्यावर हेतूसाठी उपसमिती नेमली.

या उपसमितीने संवर्धन म्हणजे काय ते समजून घेण्यासाठी गडांवर रविवारी श्रमदान करणाऱ्या पोरांना बोलावलं. बिचारी बसने आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. तटात पिंपळ-वडाची मुळं शिरली की दगड सुटतात. ती ओढून काढली तर तटही सोबत येतो, म्हणून धीराने मारावी लागतात. टाक्यांतला गाळ काढायचा असतो. जुन्या बांधकामात चुना आहे, त्यावर सिमेंट फासलं की पाणी आत कोंडतं आणि दगड सडतो. चुना महिना-महिना भिजवून मुरवावा लागतो, वाळूबरोबर घाणीत मळावा लागतो, मग दरजा भराव्यात. हे सगळं पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली. पन्हाळा केंद्राकडे, विशाळगड राज्याकडे, तेव्हा दोन दारं. तुम्हाला काय मदत हवी, असं विचारल्यावर एका पोरीने चिठ्ठी पुढे केली: दोर, हातमोजे, पन्नासेक घमेली, जाण्या-येण्याचा खर्च.

उपसमितीत अवघडल्यासारखी शांतता पसरली. एवढीशी रक्कम छापली तर मोहिमेची शोभा काय राहणार? घमेल्याचं उद्घाटन कसं करायचं? मुरायला ठेवलेल्या चुन्यासमोर पाहुण्यांना किती वेळ उभं करणार? 'तुम्ही मोठं काहीतरी मागा,' असं त्यांना प्रेमाने सांगून बसच्या वेळेला सोडण्यात आलं.

मोठं म्हणजे काय ते अध्यक्षांनी सांगितलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत पन्हाळा आहे. जगाची नजर पन्हाळ्यावर आहे. विशाळगड त्या यादीत नाही, तेव्हा तिकडे फार खर्च करण्यात अर्थ नाही. बाजी आणि फुलाजी दोघेही यादीबाहेर राहिले, त्याला समिती काय करणार? पन्हाळ्यावर मात्र काहीतरी कायमस्वरूपी व्हायला हवं. तीन दरवाजाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, काळ्या ग्रॅनाइटचा फलक. वर मोहिमेचं नाव, खाली समितीची सर्व नावं. ही सूचना इतकी उचलून धरली गेली की 'उरेल ते' खोडून त्या जागी प्रथमच आकडा पडला.

नावांच्या क्रमावर बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. उपाध्यक्षांची नावं आडनावाच्या अक्षरानुसार की देणगीनुसार? स्वागताध्यक्ष अध्यक्षांच्या ओळीत की खाली? मार्गदर्शकांची अक्षरं लहान करायची तर किती लहान? मास्तर कोपऱ्यात डायरी चाळत बसले होते. फलक भिंतीत ड्रिलने भोकं पाडून, बोल्ट आणि सिमेंटने पक्का करायचा, असं ठेकेदाराने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'एक वाचू का?'

वाचा म्हणालो. त्यांनी वाचलं. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा, २०१० ची दुरुस्ती. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'पण कोणी केलं हे कसं कळणार?' असं कोणीतरी विचारलं.

'फलकावर लिहिलेलं असेल ना,' मास्तर म्हणाले.

त्यानंतरची चर्चा उंची दाखवणारी होती. नावाचा सोस आपल्याला कधीच नव्हता, हे प्रथम स्वागताध्यक्षांनी स्पष्ट केलं. उपाध्यक्ष एकापाठोपाठ एक आपलं नाव मागे घेऊ लागले, इतक्या घाईने की इतिवृत्त लिहिणाऱ्याचा हात दुखला. मार्गदर्शकांनी आपण केवळ मार्गदर्शन केल्याचं लक्षात आणून दिलं. फलक मात्र हवाच, ठेकेदाराला उचल दिलेली होती. मग अध्यक्षांनी सुचवलं की खरा मान समितीचा नसून पन्हाळ्यावरून पायी येणाऱ्या सामान्य मावळ्यांचा आहे, तेव्हा त्यांच्यापैकीच एखाद्या गुणी तरुणाचं नाव सर्वांच्या वतीने फलकावर असावं. ठराव एकमताने मंजूर झाला. रात्रीच त्या श्रमदानवाल्या पोरांच्या ग्रुपवर निरोप गेला: तुमच्यापैकी एकाचं नाव आणि आधार कार्डाची प्रत उद्या सकाळपर्यंत पाठवा, मोठा सन्मान आहे.