ताशी दहा

ताशी १० किलोमीटर वेगाने मोटार चालवायला विलक्षण मनोनिग्रह लागतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर तसा फलक आहे. तो वाचायचा तर गाडीचा वेग कमी करावा लागतो, म्हणून आजवर कोणी तो वाचलेला नाही. यावर उपाय म्हणून सेक्रेटरींनी वार्षिक सभेत ठराव मांडला : यापुढे आवारातली वाहतूक वॉचमन सांभाळतील. बटाटेवडे आधीच येऊन निवत होते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

वॉचमनला शिट्टी मिळाली, चमकणारं जॅकेट मिळालं, लाल दिव्याची दांडी मिळाली. सेक्रेटरींना खरं तर खाकी कपडे आणि खांद्यावर दोन तारे हवे होते. पण सी विंगमधल्या वकीलबाईंनी २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा काढला. पोलिसासारखा दिसणारा गणवेश घातला, तर रक्षकाला आणि एजन्सीच्या मालकाला वर्षभरापर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारे गेले. पाठोपाठ पावतीपुस्तकंही गेली, कारण आदर्श उपविधींप्रमाणे दंड ठरवायचा सर्वसाधारण सभेने, तोही आधी नोटीस देऊन, आणि एका प्रकारच्या नियमभंगाला आर्थिक वर्षात ५,००० च्या वर नाही. वॉचमनच्या हाती उरली शिट्टी आणि रजिस्टर.

ते रजिस्टर मी आवडीने चाळतो. "बी विंग. पांढरी गाडी. हळू जा सांगितले. काच वर केली." "ए विंग म्याडम. उलट्या बाजूने आल्या. मलाच बाजूला व्हा म्हणाल्या." "चेअरमनसाहेबांचा मुलगा. वेग फार. सलाम केला." इतकी काटकसर आमच्या मराठीतल्या कथाकारांना जमली असती, तर दिवाळी अंक निम्म्या किमतीत मिळाले असते.

शिट्टी चालते ती फक्त पार्सलवाल्या पोरांवर. मेंबरवर कशी चालणार? ज्यांच्या मेंटेनन्समधून पगार निघतो त्यांनाच अडवायचं, असं हे काम. सरकारच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. मेंबरला एकही तास नाही.

आमचे दिवसपाळीचे वॉचमनभाऊ धडगाव तालुक्यातले. तिकडून पुष्कळ माणसं हंगामात गुजरातेत ऊसतोडीला जातात. हे पुण्याला आले. "साहेब, एकदा आमचं तोरणमाळ बघून या," असं ते कायम म्हणायचे. शेवटी सेक्रेटरी आणि मी निघालो, तेव्हा त्यांनी गेटवर गाडी थांबवून बजावलं, "घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न द्या." हे सांगताना ते 'हॉर्न वाजवू नये' या पाटीला टेकून उभे होते.

शहादा, म्हसावद मागे पडलं आणि सातपुडा समोर आला. सातपायरीचा घाट नावाला जागणारा आहे. खालून पाहिलं तर रस्त्यावर रस्ता, त्याच्यावर पुन्हा रस्ता, आणि सगळ्यात वरचा नक्की आपलाच आहे यावर विश्वास बसत नाही. वर पोचेपर्यंत साडेतीन हजार फूट ओलांडलेले असतात. चाक सेक्रेटरींच्या हाती होतं. हेच गृहस्थ आमच्या बेसमेंटचा उतार चाळीसने उतरतात. तिसऱ्या वळणावर मी काट्याकडे पाहिलं : बरोब्बर दहा. आमच्या सोसायटीची वेगमर्यादा प्रथमच पाळली जात होती, पुण्यापासून चारशेहून अधिक किलोमीटरवर, आणि तीही बिनपगारी दरीच्या देखरेखीखाली.

वरून प्रवाशांनी खचाखच भरलेली जीप येत होती. आम्हाला चढताना पाहून ती डोंगराच्या अंगाला सरकून थांबली. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावं, असं २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांतही आहे. त्या ड्रायव्हरने ते वाचले असतील असं वाटत नाही, वाचायला त्याला हात मोकळे नव्हते. पण थांबला. सेक्रेटरींनी चक्क हात उंचावून त्याला सलाम केला. आमच्या गेटवर सलामांची वाहतूक एकेरी असते.

यशवंत तलावाच्या काठी उतरल्यावर त्यांना पुन्हा पदाची आठवण झाली. ना फाटक, ना स्टिकर, गाड्या सुचेल तिथे आणि मधून शेळ्या. त्यांनी चहावाल्या दादांना विचारलं, "इथे पार्किंगकडे कोण बघतं?"

"बघायचं काय साहेब? गाडी दिसते ना इथून."

"आणि महाशिवरात्रीला? गोरखनाथाच्या यात्रेला तर गुजरात, मध्य प्रदेशातूनही लोक येतात म्हणे. तेव्हा व्हिजिटर पार्किंग?"

"तेव्हा लई लोक पायीच चढतात," दादा म्हणाले आणि आलं ठेचायला वळले.

परतीच्या वाटेवर सेक्रेटरी गप्प होते. घाट उतरताना त्यांनी चढणाऱ्या दोन गाड्यांसाठी आपणहून गाडी थांबवली. पुढच्याच महिन्यात त्यांनी खास सभा बोलावली. विषय : मेन गेट ते क्लबहाउस सात गतिरोधक बसवणे, नाव 'सातपायरी'. वॉचमनभाऊंनाही बोलावलं होतं. मत विचारल्यावर ते म्हणाले, "चालेल. पण बाजूला खड्डा लागेल." तो मुद्दा वकीलबाईंनी लगेच इतिवृत्तातून वगळायला लावला.

गतिरोधकांना सगळ्यांचा पाठिंबा आहे. काम अडलंय जागेवरून. ए विंगच्या मते सातही बी विंगसमोर हवेत, बी विंग म्हणते ए समोर, आणि चेअरमनसाहेबांची सूचना अशी की तूर्त ते व्हिजिटर पार्किंगमध्ये बसवून बघावेत.