गॅलरीतला राजगड

दिवाळीचा किल्ला मुलांचा असतो, हा समज बापांनीच पसरवलेला आहे. चाळिशीतला माणूस लाल मातीची गोणी खांद्यावर टाकून लिफ्टमध्ये शिरला की बघणाऱ्यांना काहीतरी कारण सांगावं लागतं. मी सांगतो, ‘लेकीला किल्ला हवाय.’ लेक त्या वेळी घरात पालथी पडून कॉमिक्स वाचत असते आणि आपल्याला किल्ला हवा आहे, ही बातमी तिला माझ्याकडूनच कळते.

आमच्याकडे राजगडच होतो. तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला, संजीवनीची दुहेरी तटबंदी, सुवेळा माचीवरचं नेढं. रायगड काय, वर सिंहासन ठेवलं की कुणीही ओळखतो. राजगड ओळखायला समोरचा जाणकार लागतो आणि तो बहुधा नसतो. मग त्याला समजावून सांगायची संधी मिळते. सगळा खटाटोप त्या संधीसाठी. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यात राजगड निघाला, तेव्हा ऑफिसात मी अभिनंदन स्वीकारायच्या बेतात होतो. लेकीने यादी नीट वाचली. 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी.

“बाबा, आपण जिंजी करू या. तो इथे कुणी बघितलेलाच नाही. चुकला तरी कळणार नाही.”

व्यवहारात ती आईवर गेली आहे. आईचं हत्यार निराळं. मी शिवचरित्रावर बोलायला लागलो की ती भाजी निवडता निवडता विचारते, “महाराज पुण्यात जिजाऊंपाशी वाढत होते, तेव्हा शहाजीराजे कुठे होते रे?” मी सांगतो, कर्नाटकात, बंगळूरला. “बघ,” ती म्हणते, “बाप पायात पायात आला नाही तर मुलं कुठल्या कुठे जातात.”

असो. किल्ल्याचं खरं मर्म आहे हळिवात, आणि या विषयावर मला कुणी मधे बोललेलं चालत नाही. बापांत दोन पंथ आहेत, मोहरीवाले आणि हळीववाले. मोहरी उगवते झोकात, पण थांबायचं कुठे हे तिला कळत नाही. पाडव्यापर्यंत मावळे कमरेएवढ्या रानात बुडतात, तोफेजवळचा गोलंदाज भाऊबीजेनंतर आवराआवरीत सापडतो. शिवाय मोहरीचा दाणा गोल. कड्यावर टाकला की घरंगळत थेट तळ्यात. हळिवाचं तसं नाही. भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो आणि उभ्या कड्यालाही चिकटून राहतो. भिजवायचा किती? तासभर, पुरे. रात्रभर भिजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना पेरता येत नाही, शेणासारखं थापावं लागतं. पेरायचा वसुबारसेला. गोणपाट ओलं हवं, निथळतं नको. पाणी हाताने शिंपडायचं. तांब्याने ओतलं की पद्मावती माची खाली शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाते आणि मग शेजारी वर येतात. पहिले दोन दिवस काही दिसत नाही. इथे कच्चे बाप खचतात आणि बाजारातून हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा आणतात. भुसा! प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत घेऊन त्यावर भुसा भुरभुरवणाऱ्यांशी मी सोसायटीच्या सभेतही बोलत नाही.

आणि हळिवाशी माझं नातं किल्ल्याच्याही आधीचं आहे. लेक जन्मली तेव्हा सासूबाई डबा भरून हळिवाचे लाडू घेऊन आल्या. नारळाच्या पाण्यात भिजवलेला हळीव, ओलं खोबरं, गूळ, वर जायफळ. रात्री बाळ रडलं की बायको त्याला पाजायला उठायची, मी लाडू खायला. “जावईबापू,” सासूबाई एकदा अंधारातच म्हणाल्या, “ते बाळंतिणीचे आहेत हो.” मी म्हणालो, मीही बाळंतपणातूनच जातोय. त्यावर त्यांनी दिवा लावून मला नीट पाहून घेतलं. डबा संपला तोवर बायकोचा अशक्तपणा थोडा उतरला होता आणि माझी पँट लागेनाशी झाली होती.

पण मी तरी दुसरं काय करणार होतो? बापाला त्या दिवसांत काम नसतं. कायदाही तसंच समजतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर आईला 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस आणि माझ्यासारख्या खासगी नोकरीतल्याला कायद्याने काहीच नाही, साहेबांच्या मर्जीवर. साहेबांनी पेढा खाल्ला आणि सोमवारी भेटू म्हणाले.

लेकीला लस टोचायला मी घेऊन गेलो. फाइल माझ्या हातात, आधीच्या सगळ्या तारखा तोंडपाठ. सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, “आई नाही आली?” आणि नंतरच्या सूचना, ताप आला तर कुठलं औषध, किती थेंब, या माझ्याच फोनवरून बायकोला दिल्या. फोन त्यांच्या कानाला धरून उभा होतो मी. इतका राग क्वचित आला असेल. पण खरं सांगायचं तर याच्या उलटही होत आलं आहे आणि तेव्हा मला मुळीच राग आला नाही. लेकीची वेणी घालून तिला खाली बसस्टॉपवर सोडलं की काकू म्हणायच्या, “किती करतो हो मुलीचं!” वेणी वाकडी असायची. तीच वेणी बायको रोज घालते, सरळ घालते. तिला कुणी म्हणालं असेल तर एवढंच, “आज जरा सैल झाली का गं?” एका वाकड्या वेणीवर मी अख्खी सोसायटी जिंकली. ते कौतुक बायकोच्या वाटणीचं होतं हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि तरी मी रुमालाची घडी नीट करत उभा राहायचो, आणखी कुणी काकू येतात का बघत.

या दिवाळीला राजगड उभा राहिला. म्हणजे मी चिखल कालवला, विटा रचल्या, पायवाटेला रांगोळी टाकली आणि लेकीने शेवटच्या दिवशी येऊन महाराजांची मूर्ती, मावळे आणि गुहेत एक डायनोसॉर ठेवला. डायनोसॉरवर आमची चर्चा झाली. तो राहिला. पाडव्याला शेजारची मंडळी फराळाला आली तेव्हा मी सहज गॅलरीच्या दाराशी उभा होतो.

“अरे वा! कुणी केला?”

“मी,” लेक म्हणाली. “बाबाने फक्त कचरा केला.”

बायकोने मान डोलावली. गॅलरी तिने दोनदा धुतली होती. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मी हळूच म्हणालो, “नेढं तरी मी पाडलं ना गं?”

“कुठे? माझं बोट घुसून पडलं ते. आपोआप.”

मी लगेच पाहुण्यांकडे वळलो आणि सांगून टाकलं की राजगडावरचं नेढंसुद्धा कुणी मुद्दाम पाडलेलं नाही, ते नैसर्गिकच आहे, आणि आता या बाजूने या म्हणजे संजीवनी माची नीट दिसेल.