सत्कारमूर्तींचा विद्युतभार

सोलापुरातील सभासमारंभांत, विशेषतः फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या दिवसांत, खुर्चीतून उठून माईकच्या लोखंडी दांड्याला हात लावणाऱ्या प्रमुख पाहुण्यास जो बारीक झटका बसतो, त्याचे कारण पाहुण्याच्या व्यक्तिमत्त्वात शोधण्याची पद्धत आहे. ते कारण व्यक्तिमत्त्वाच्या थोडे खाली, म्हणजे पाहुण्याची पॅन्ट आणि खुर्चीची बैठक यांच्या दरम्यान असते, हे येथील प्रतिपाद्य आहे. प्रस्तुत लेखक अधूनमधून सत्कारमूर्ती होत असल्यामुळे, आणि त्या झटक्यास तो आपल्या वाणीतील तेजाचा आगाऊ हप्ता मानीत आल्यामुळे, हे प्रतिपादन त्याच्या हिताविरुद्ध जाते. ही गोष्ट त्याच्या निःपक्षपातीपणाचा पुरावा म्हणून वाचकांनी नोंदवून घ्यावी.

दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकले, घासले आणि विलग झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतभार उरतो, यास घर्षणविद्युत म्हणतात. कोणता पदार्थ कोणासमोर धन ठरेल याची पहिली क्रमवारी योहान कार्ल विल्के याने १७५७ साली मांडली. पुढे त्याच धर्तीच्या याद्यांत मानवी केस, लोकर आणि नायलॉन धन टोकाकडे, सूत जवळजवळ मध्यावर, तर पॉलिएस्टर आणि ज्यापासून साच्यातील खुर्च्या बनतात ते पॉलिप्रोपिलीन ऋण टोकाकडे बसविले गेले. पाहुणा बसलेला असतो तोवर पॅन्टवरील आणि खुर्चीवरील भार समोरासमोर राहून एकमेकांस धरून ठेवतात. पाहुणा उठला की ही जोडी तुटते, भाराचा एक वाटा त्याच्याबरोबर निघतो आणि अंतर वाढेल तसे त्याच्या शरीराचा विद्युतदाब काही हजार व्होल्टांपर्यंत चढतो. सुमारे तीन हजार व्होल्टांखालचा झटका माणसास सहसा जाणवतच नाही, म्हणजे ज्यास तो जाणवला तो घरगुती विजेच्या दहापटींहून अधिक दाबावर उभा असतो. मात्र त्या ठिणगीतील ऊर्जा ज्यूलच्या काही सहस्रांशांइतकीच असल्याने तिच्याने माणसाचे काहीही बिघडत नाही. आकडा मोठा आणि कार्य किरकोळ, या लक्षणामुळे ही वीज प्रमुख पाहुण्यांना जवळची वाटत असावी.

आर्द्र हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि त्यातून भार हळूहळू निघून जातो, म्हणून कोकणातील वक्ते बहुधा निस्तेज राहतात. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे; ज्या हवेत कडक भाकरी दीर्घकाळ टिकते, त्याच हवेत विद्युतभारही टिकतो.

येथे प्लास्टिकच्या खुर्चीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अपरिहार्य आहे, निदान लेखकास तसे वाटते. सोलापुरी समारंभात आसनांची उतरंड ठरलेली असते: व्यासपीठावर झालर लावलेला सोफा, पहिल्या रांगेत हात असलेली खुर्ची, मागे बिनहाताची, आणि सर्वांत मागे जिचा एक पाय चिरलेला असल्याने जिच्यावर फक्त स्वागताध्यक्षांची पिशवी बसते ती. सोफा दोघांचा असून पाहुणे तिघे असले की तिसऱ्यास प्लास्टिकची खुर्ची मिळते, आणि प्रस्तुत लेखकाच्या सामाजिक स्थानाविषयी वाचकांस काही अंदाज बांधावयाचा असल्यास तो येथेच बांधावा. या खुर्चीची बैठक किंचित मागे कललेली, पण वापराने इतकी गुळगुळीत झालेली असते की तीवर बसलेला मनुष्य प्रास्ताविकाच्या पहिल्या परिच्छेदात पुढे घसरू लागतो, पाहुण्यांच्या परिचयात त्याचे गुडघे पुष्पगुच्छाच्या पातळीस येतात, आणि आपले नाव ऐकू येताच तो दोन्ही हात टेकून स्वतःस पुन्हा वर सरकवितो. घसरणे आणि सरकणे ही दोन्ही घर्षणेच होत. त्यामुळे, इतर गोष्टी समान असता, वक्त्याच्या अंगी साठणारा भार त्याच्या विद्वत्तेवर नव्हे, तर त्याच्या आधी बोलणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, असा नियम मांडता येईल. एखाद्या विद्यापीठाने तो तपासून पाहावा, आणि निष्कर्ष अनुकूल आल्यास नियमास कोणाचे नाव द्यावे याबाबत लेखक अत्यंत तटस्थ आहे.

तथापि खुर्चीचा घर्षणविद्युतीशी असलेला खरा संबंध समारंभाच्या दोन तास आधीचा असतो. खुर्च्या चळतीने येतात आणि मंडपवाल्याचा मुलगा त्या एकीतून एक ओढून मोकळ्या करतो. तेव्हा प्लास्टिकवरून प्लास्टिकच घसरते. दोन्ही पृष्ठभाग एकाच पदार्थाचे असल्याने भार उत्पन्न होऊ नये असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु २०११ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की एकाच पदार्थाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून विलग केले तरी त्यांच्यावर धन आणि ऋण भारांच्या बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते. खुर्चीमागून खुर्ची ओढताना त्या मुलाच्या हातावरील लव उभी राहते, पायांत रबरी चप्पल असल्याने भारास जमिनीत जाण्याची वाट मिळत नाही, आणि मंडपाच्या लोखंडी खांबास कोपर लागताच तो हात झटकतो व पुढच्या चळतीकडे वळतो. संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यास एक झटका बसतो, त्या मुलास दिवसभरात किती बसले हे कोणी मोजीत नाही. त्यावरून त्याच्या व्यक्तिमत्त्वाविषयी कोणी अनुमान काढीत नाही, आणि त्याचे नावही निमंत्रणपत्रिकेत नसते.

या उपद्रवावरील उपाय या शहरास जुना परिचित आहे. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे येथे जो कापडधंदा वाढला, त्यास कोरडी हवा मानवणारी नव्हती. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो, म्हणून विणकामखात्यात मुद्दाम ओलावा राखावा लागतो, आणि कृत्रिम धाग्याच्या बाबतीत तर तोच ओलावा घर्षणविद्युतीसही आवरतो. धाग्यासाठी हवा ओली ठेवणाऱ्या या गावात माणसांच्या नळाला उजनी धरणाचे पाणी मात्र काही दिवसांआड येते, आणि तेही कोणत्या वेळी येईल यावर घरातील बायकांची झोप अवलंबून असते. ‘हवेतील आर्द्रता पन्नास टक्के राखावी’ हा पुस्तकी सल्ला ज्याने दिला, त्याने घागरी मांडून पहाटेपर्यंत नळाची वाट पाहिलेली नसावी. या ठिकाणी लेखकाचा विनोद काही काळ थांबतो.

उरतो प्रश्न शालीचा. ॲक्रिलिकची शाल प्लास्टिकच्या पिशवीतून सर्रकन काढली जाते, पॉलिएस्टरच्या सफारीवर घसरत पांघरली जाते, आणि सत्कारमूर्तीचे उरलेले केस उभे राहतात. सभागृह त्यास गहिवर समजते. ज्या गावाच्या सुती चादरीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्या गावात हे घडावे हे अनाकलनीय आहे. म्हणून संयोजकांस नम्र विनंती अशी की, सत्कार सुती सोलापुरी चादरीने करावा, कारण ती भार फारसा साठवीत नाही आणि सत्कारमूर्ती विस्मृतीत गेल्यावरही अंगावर घेता येते; वक्त्याने माईकला हात लावण्यापूर्वी खिशातील किल्ली बोटांत घट्ट धरून तिचे टोक दांड्यास टेकवावे, म्हणजे ठिणगी किल्लीवर पडते आणि त्वचा वाचते; आणि पहिली चादर, समारंभ सुरू होण्यापूर्वी, खुर्च्या मांडणाऱ्या मुलास द्यावी. चादरी मोजक्याच असतील तर प्रस्तुत लेखकाची रद्द करावी, मात्र तसे व्यासपीठावरून जाहीर करण्यास विसरू नये.