अंगठा वर, मुक्काम वर

पुण्याहून शुक्रवारी रात्री निघालेल्या मित्रमंडळाला मालवणात तीनच गोष्टी हव्या असतात : सुरमईची थाळी, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर फोटो आणि स्कूबा डायव्हिंगचा पाण्याखालचा व्हिडिओ. प्रवाळ यादीत नसतं. ते व्हिडिओत मागे आपोआप येतं.

एखाद्याला पोहता येत नाही. गाईड म्हणतो, "काय होवचा नाय, मी आसय मा!" आणि खरंच, तो मागून टाकी घट्ट धरून या वीराला खाली नेतो. इंस्टाग्रामवर मात्र गाईडचा हात कापलेला असतो.

खरी गंमत अंगठ्याची. स्कूबात अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे बोटीवर नीट शिकवतात, पण तेव्हा मंडळी सेल्फीत असतात. खाली कॅमेरा दिसला की सवयीने अंगठा वर जातो, आणि पैसे भरलेला माणूस निमूटपणे वर आणला जातो. मग वाद : "आत्ताच तर गेलो होतो!"

आणि फोटोसाठी ज्यावर पाय टेकवतात ते प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्या प्राण्यांची वसाहत. वन्यजीव कायद्यात ते वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. वाघावर पाय देऊन फोटो काढायची कोणाची छाती नाही. प्रवाळ गुरगुरत नाही, एवढीच त्याची चूक.

मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा माशांसाठी नेलेला पाव, कृपा करून, स्वतःच खा.