जुनी स्पायडर विकायला काढताना

मिलान-तुरीनकडे कुणाच्या गॅरेजात अल्फा रोमिओची स्पायडर उभी असेल आणि ती विकायची वेळ आली असेल, तर मालकाने प्रथम तिची वंशावळ तोंडपाठ करावी. १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात पदार्पण. बतिस्ता पिनिनफरिना यांच्या देखरेखीखालचे शेवटचे काम. त्याच वर्षी ते वारले. (इथे आवाज जरा जड करावा.) इंजिन १५७० सीसी, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट. आपली गाडी १९८३ नंतरची, शेपटीवर काळे रबर चिकटवलेली असली तरी सुरुवात १९६६ पासूनच करावी. कूळ एकच आहे.

‘द ग्रॅज्युएट’ या चित्रपटाचा उल्लेख हवाच. डस्टिन हॉफमन लाल स्पायडर पळवतो, एवढेच सांगावे. प्रेयसीचे लग्न थांबवायला निघालेल्या त्याच्या गाडीतले पेट्रोल ऐन वेळी संपते आणि उरलेले अंतर त्याला धावत जावे लागते, हे गिऱ्हाइकाला आठवत नसेल तर आपण आठवण करून देऊ नये.

फोटो संध्याकाळच्या उन्हात, छप्पर उतरवून काढावेत. छप्पर जागेवर बसल्या-बसल्या एका हाताने उतरते, हे खरेच कौतुकाचे आहे. ते वर असले की मागच्या प्लास्टिकच्या खिडकीचा पिवळेपणा दिसतो, हेही तितकेच खरे.

आता गंज. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पाणी निघून जायला भोके ठेवलेली असतात. ती पानांनी, मातीने बुजतात, पाणी आतच मुरते आणि पत्रा आतून कुजत येतो. वरचा रंग मात्र शेवटपर्यंत हसतमुख. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आधी नवे कार्पेट टाकावे. पायाखालून रस्ता दिसत असेल तर जाहिरातीत ‘किरकोळ गंज’ लिहावे. दिसत नसेल तर ‘गंज नाही’. जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन येते. पुट्टीला चुंबक चिकटत नाही. तो खिशात हात घालताना दिसला की कॉफी विचारावी, आणि कप दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका गरम द्यावा.

दुसरा गियर थंडीत करकरतो. या घराण्याचा तो जुनाच आजार आहे, सिंक्रो झिजतो. म्हणून गिऱ्हाईक येण्याआधी एक फेरी मारून गाडी तापवून ठेवावी. पण आल्या-आल्या बॉनेटवर तळहात टेकवणारा निघाला, तर माणूस पोहोचलेला आहे असे समजावे आणि बतिस्तांच्या निधनाकडे पुन्हा वळावे.

विक्रीचे कारण ‘जागेअभावी’. किंमत अशी सांगावी की समोरच्याने हसून निघून जावे. तरीही तो न हसता पाकीट काढू लागला तर गडबडून जाऊ नये. कागदपत्रे धाकट्या भावाकडे आहेत आणि तो सार्डिनियाला गेलाय, असे सांगावे.